तिसरा खण

ऑब्री प्रोबर्टचा कागदावर फार विश्वास. चौतीस वर्षं त्याने सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, कारखान्याच्या फाटकावर बसून सफरचंदांनी भरलेल्या गाड्या तोलल्या. काटा दाखवेल ते खरं, शेतकरी काय सांगतो ते नव्हे, हे एकच तत्त्व उराशी धरून तो निवृत्त झाला. त्यामुळे घरामागे खोली काढायची ठरली तेव्हा तिचं चित्रही त्याने स्वतःच चौकटींच्या कागदावर काढलं. दोन खण, बारा फूट. एक पलंग, एक कपाट, बागेकडे एक खिडकी. चित्राखाली तारीखसुद्धा घातली. असा माणूस एकदा गोंधळला की मग त्याला आवरणं कठीण.

खोली मेरियलसाठी होती. मेरियल त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ते काही धड बसलं नाही. आणि घराचा जिना असा, की धडधाकट माणसालाही वाकून, अंग चोरून चढावा लागतो. तेव्हापासून ती खाली बैठकीच्या खोलीत पलंग टाकून झोपायची आणि ऑब्री वर. दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी तो म्हणाला होता की मी वरच झोपतो, माझ्या घोरण्याचा तुला त्रास नको. ती बरं म्हणाली होती. सकाळी जाग आली की ती काठीने छताला दोनदा ठोकायची, म्हणजे मी उठले. वरून तो जमिनीवर टाच एकदा आपटायचा, म्हणजे येतो चहा टाकायला. चाललं होतं म्हणायला चाललं होतं. पण पोस्टमन दारात आला तरी बिचारीला अंगावर शाल ओढावी लागे. पुढच्या हिवाळ्याच्या आत तिला तिची स्वतःची खोली द्यायची, एवढं एकच ऑब्रीच्या मनाने घेतलं होतं.

खोली विटांची करता आली असती, महिन्याभरात उभी राहिली असती. पण ज्या घराला तीनशे वर्षं ओकच्या खांबांनी उचलून धरलंय त्याला विटांचं शेपूट लावायचं, हे ऑब्रीला पटेना. शिवाय गार्नेट ग्विलियम गावात हयात असताना ते बरंही दिसलं नसतं. गार्नेट अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सुतार. इंग्लंडातल्या हेरफर्डशरच्या त्या कोपऱ्यातली निम्मी धान्याची कोठारं त्याने किंवा त्याच्या बापाने दुरुस्त केलेली. ओक तो ओला असतानाच कापायचा. खोबणी पाडायच्या, लाकडी मेखा ठोकून सांधायचं, खिळा एकही नाही, आणि मग वाळता वाळता ते लाकूडच एकमेकांना आवळून धरतं. मोजपट्टीला तो हात लावत नसे. एक लांब पातळ काठी घेऊन यायचा, घरालाच ती लावायची आणि तिच्यावर खुणा करायच्या, मग सगळं काम त्या काठीवरून. ऑक्टोबरमध्ये तो माप घ्यायला आला तेव्हा ऑब्रीने मोठ्या ऐटीत आपलं चित्र त्याच्या हातात ठेवलं आणि शेजारून शिडी आणायला गेला. परत आला तेव्हा मेरियल आणि गार्नेट स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते आणि काठीवर खुणा करून झाल्या होत्या. शिडी लागलीच नाही.

काम वाटून घेतलं होतं. लाकूडकाम गार्नेटचं. पाया खणणं, वर दगडाचं जोतं बांधणं आणि दोनशे मेखा तासणं ऑब्रीचं. पण फेब्रुवारी सरला तरी गार्नेट पाया खणू देईना. लाकूड कापून होऊ दे, मग खण, एवढंच म्हणे. ऑब्रीला हे उलटंच वाटलं. आधी पाया मग घर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सुताराशी वाद कोण घालणार, म्हणून तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी गार्नेटच्या शेडमध्ये जाऊन मुकाट्याने मेखा तासत बसे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी त्याने सहज खांब मोजले.

प्रत्येक खांबावर आणि तो ज्या खोबणीत बसणार तिच्या शेजारी गार्नेट पटाशीने रेघा मारायचा. पहिल्या जोडीला एक रेघ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. ते करावंच लागतं. हाताने कापलेला प्रत्येक खांब वेगळा, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. दोन खणांना खांबांच्या तीन जोड्या पुरतात. ऑब्रीला मात्र चार रेघांचा एक खांब दिसला. मग गोणपाटाखाली त्याचा जोडीदार सापडला. मग त्याने भिंतीवर आडव्या बसणाऱ्या दोन लांब तुळया पावलांनी मोजल्या. बारा फुटांच्या हव्या होत्या. होत्या अठराच्या.

त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. तरी अठराच.

गार्नेट आत आला तेव्हा ऑब्रीने हळूच विषय काढला, की तुळया जरा लांब वाटतात. गार्नेट रंध्याचं पातं निरखत राहिला आणि म्हणाला की ओक वाळला की आखडतो.

"सहा फूट आखडतो?" ऑब्रीने विचारलं.

"माणसावर असतं," गार्नेट म्हणाला आणि कानावर खोचलेली पेन्सिल टेबलावर शोधू लागला. जाताना तो ऑब्रीला "येतोस का, सीरिल?" असंही म्हणून गेला. सीरिल हा ऑब्रीचा बाप. त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

तिथून ऑब्रीला काळजी लागली. पोस्टातल्या बेरिलने मागेच सांगितलं होतं की गार्नेट एकाच सकाळी दोनदा तिकिटं घ्यायला आला. तेव्हा ऑब्रीने तिला झटकलं होतं, कारण बेरिलला राईचा पर्वत करायला राईसुद्धा लागत नाही. आता मात्र एकेक गोष्ट जोडली जाऊ लागली. पेन्सिल, सीरिल, तिकिटं, पाया खणू न देणं, सहा फूट जास्तीचा ओक. पण मग शंकाही येई. डोकं गेलेल्या माणसाच्या हातून असे सांधे कसे होतील? खोबणीत खांबाची कोरलेली जीभ अशी बसत होती की मधे कागद जाऊ नये. हात शाबूत आणि डोकं गेलं, असं होतं का? होत असेल. ऑब्रीला काहीच कळेना.

घरी येऊन त्याने मेरियलला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, विणकामाचा एक टाका उसवला आणि म्हणाली की गार्नेटला त्याचं काम कळतं. ऑब्री म्हणाला की कळत होतं, आता कळतंय का हाच तर प्रश्न आहे. त्यावर तिने विचारलं की वाटाणे घेणार का अजून. या घरात आपण एकटेच काळजी करतो असं वाटून ऑब्री रागावला. वाटाणे मात्र त्याने घेतले.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. गार्नेटला विचारावं तर तो ताकाला तूर लागू देईना. मेरियलकडे बोलावं तर ती हवापाण्यावर येई. एकदा तर ऑब्रीने आपलं चित्रच शेडच्या दारावर टाचून ठेवलं, म्हाताऱ्याच्या नजरेस पडावं म्हणून. दुसऱ्या खेपेला पाहतो तर गार्नेटने कागदाच्या मागच्या बाजूला अंडीवाल्याचा फोन नंबर लिहून ठेवलेला. ऑब्रीला रडावं की हसावं कळेना.

मग एप्रिलात गार्नेटने सांगितलं की येत्या शुक्रवारी लेडबरीहून दोन सुतार येतील, सगळा सांगाडा अंगणात आडवा जुळवून बघू. हे ऐकल्यावर ऑब्रीची झोपच उडाली. ते दोघे धंद्यातले. पहिल्या नजरेत विचारतील की खोली केवढी आणि हे लाकूड केवढं. आठवड्याभरात ती गोष्ट पाच गावांतल्या पाच दारूच्या गुत्त्यांत फिरेल की ग्विलियमचं संपलं. आणि गार्नेट हत्यारं पुसून कपाटात ठेवेल, पुन्हा बाहेर काढणार नाही. मेरियलची खोली तर राहीलच, पण हा माणूसही बसल्या जागी मरेल. ऑब्रीला खरंच वाईट वाटत होतं. बाप गेल्यावर त्याच्या शवपेटीची फळी याच माणसाने तासली होती, आणि न बोलावता येऊन.

मंगळवारी गार्नेट डोळे दाखवायला हेरफर्डला गेला. शेडला कुलूप कधीच नसे. ऑब्री मेखा तासायला म्हणून गेला आणि मेखांकडे त्याने पाहिलंही नाही. दारावरचं चित्र काढून घेतलं, कागदावर बोट ठेवलं, तुळईवर पेन्सिलीची रेघ ओढली. तिसऱ्या खांबाच्या खोबणीपुढे त्याने दोन फूट सोडले, कारण सुताराला शेवटी टोक छाटायला थोडं जास्तीचं लागतं एवढं तो पाहून शिकला होता. मग भिंतीवरची मोठी करवत काढली.

ओला ओक कापणं म्हणजे गंमत नव्हे. आठ इंच जाडीच्या लाकडाला त्याला पाऊण तास लागला. करवतीच्या पात्याला आंबट वासाचा रस चिकटत होता, त्याने हात निळेकाळे झाले होते, आणि मन म्हणत होतं की ऑब्री, तू चांगलं काम करतो आहेस. कोणाला काही कळणार नाही. गार्नेट येईल, तुळई योग्य मापाची पाहील, आणि आपण कधी चुकलो होतो हेही त्याच्या लक्षात राहणार नाही. तुकडा धप्पकन खाली पडला. दुसरी तुळई कापायला त्याच्या खांद्यात बळ उरलं नव्हतं. ती उद्या पहाटे येऊन कापू असं ठरवून तो घरी गेला.

मेरियल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने त्याचे हात पाहिले आणि विचारलं की मेखा तासून एवढे काळे झाले का. खोटं बोलणं ऑब्रीला येत नसे. आणि खरं सांगायचं तर त्याला थोडी शाबासकीही हवी होती. त्याने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याची चूक, लेडबरीचे सुतार, आपण कशी त्याची अब्रू झाकली.

तिने सुरी खाली ठेवली.

"किती कापलंस?"

"जास्तीचं होतं तेवढंच. तिसरा खण."

"तो जास्तीचा नव्हता, ऑब्री. तो मी सांगितला होता."

ऑब्री उभाच राहिला. मग खुर्ची ओढून बसला. काय सांगितला होता, कोणाला, कधी, असं तो एकामागून एक विचारत राहिला आणि तिने एकेकाचं उत्तर दिलं. तो शिडी आणायला गेला तेव्हा. गार्नेटला. एक खण वाढव म्हणून. आणि चौकट उभी राहीपर्यंत ऑब्रीला बोलू नकोस म्हणून.

"पण कशासाठी? पलंग एक, कपाट एक. बारा फुटांत सगळं बसत होतं."

"तुझा पलंग बसत नव्हता," मेरियल म्हणाली.

भांड्यातलं पाणी उकळत होतं, ते कोणीच उतरवलं नाही. ऑब्रीच्या डोक्यात आपलं चित्र आलं. एक पलंग. त्याने तो पट्टीने काढला होता, वर उशीसुद्धा काढली होती, आणि चित्र बरोबर आहे की नाही हे सहा वेळा तपासलं होतं. सहाही वेळा ते बरोबर वाटलं होतं.

"मला वाटलं तुला शांत झोप हवी," तो म्हणाला. "मी घोरतो."

"पस्तीस वर्षं घोरत होतास. मी काही तक्रार केली होती?"

"मग म्हणायचं होतंस. मी नाही म्हणालो असतो का?"

"हो म्हणाला असतास. तू मला कशालाही हो म्हणतोस, मी आजारी पडल्यापासून तर बघायलाच नको. मग मला कसं कळलं असतं की तुला यायचंय की नुसतं माझं मन राखायचंय? म्हटलं, खोली मोठी होऊ दे. रिकामी जागा दिसली की तू आपणहून काय आणून ठेवतोस ते बघू. पलंग की शिवणाचं मशीन."

हे म्हणून तिने पुन्हा सुरी उचलली, आणि ऑब्रीला एकदम इतकी लाज वाटली की त्याने आपले काळे हात टेबलाखाली घेतले. दोन वर्षं तो वर टाच आपटत होता आणि त्याला वाटत होतं की आपण बायकोची काळजी घेतो आहोत.

बुधवारी सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा गार्नेट आधीच तुळईपाशी उकिडवा बसला होता. ऑब्रीने टोपी काढली. कबुलीजबाब त्याने वाटेत पाठ केला होता, पण तोंडातून तो उलटासुलटाच बाहेर आला. आधी बेरिल, मग सीरिल, मग करवत. गार्नेट तुळईच्या कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत ऐकत होता.

"म्हणजे माझं डोकं फिरलं असं वाटलं तुला," तो म्हणाला.

ऑब्रीने होकारार्थी मान हलवली.

"तिकिटं दोनदा घेतली, कारण पत्रं दोन होती आणि दुसरं घरीच राहिलं होतं. सीरिल म्हणतो, कारण तू दारात हुबेहूब त्याच्यासारखा उभा राहतोस, दोन्ही हात खिशात घालून. आणि नावं विसरतो मी, पोरा, खोटं कशाला सांगू. पण तुळया विसरत नाही." त्याने उठायला ऑब्रीचा हात धरला. "बाईला शब्द दिला होता, म्हणून बोललो नाही, पायाही खणू दिला नाही. सहा फूट आखडतो म्हणालो तेव्हा तरी तुला कळायला हवं होतं की मी थापा मारतोय."

ऑब्रीने विचारलं की आता काय. नवी तुळई आणायची तर तेवढा लांब ओक मिळायला पुढचा हिवाळा उजाडेल, हे त्यालाही माहीत होतं. गार्नेटने पडलेला तुकडा पायाने सरळ केला, काठी लावली, ओठ चावत उभा राहिला. शेवटी म्हणाला की सांधता येईल. दोन्ही टोकं अर्धी अर्धी कोरून एकावर एक चढवायची, मधे पाचर, वरून चार मेखा. कोठारांत लांब तुळया अशाच सांधतात. खोबणीपुढे दोन फूट सोडलेस म्हणून वाचलास, नाहीतर करायला जागाच नव्हती. फक्त चढवण्यात ते दोन फूट जाणार. खोली अठराची सोळा होणार.

"आणि आता ही दुसरी काप," गार्नेट म्हणाला आणि करवत त्याच्या हातात दिली.

"दुसरी तर चांगली आहे."

"चांगली आहे म्हणूनच. एका बाजूला सांधा दिसला तर लोक म्हणतील दुरुस्ती केलीय. दोन्ही बाजूंना दिसला तर म्हणतील अशीच रीत आहे. रेघ मी मारतो. तुझा कागद खिशात ठेव."

ऑब्रीने दुसरी तुळई कापली, आणि या वेळी मन काही शाबासकी देत नव्हतं. लेडबरीच्या सुतारांना गार्नेटने सांगितलं की ओक तुकड्यांत मिळाला, म्हणून सांधे. ऑब्री बाजूला मेखा तासत मूग गिळून बसला.

घरी दोन फुटांची बातमी त्यालाच द्यावी लागली. मेरियलने मापं आधीच करून ठेवली होती, शिवणाच्या डब्यात, पाकिटाच्या पाठीवर. तिचा पलंग, त्याचा पलंग, मधे एक छोटं टेबल आणि काठी घेऊन जायला वाट. ऑब्रीने पाकीट पाहिलं आणि सांगितलं की मधली वाट बसणार नाही. टेबलही नाही. दोन्ही पलंग चिकटवूनच ठेवावे लागतील.

मेरियल पाकिटाकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग टेबल माझ्या उशाच्या पलीकडच्या बाजूला ठेव," ती म्हणाली.

पाया खणायला गार्नेटने परवानगी दिली आणि मे महिनाभर ऑब्री दगड रचत राहिला. जूनच्या पहिल्या शनिवारी चौकट उभी केली. शेजारचे आठ-दहा जण दोर ओढायला आले. बेरिल डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पाई घेऊन आली आणि तुळयांचे सांधे बघून म्हणाली की जुनी रीत ती जुनी रीत. गार्नेटने तिच्याकडे पाहिलंही नाही. शेवटची मेख मेरियलने ठोकली, खुर्चीत बसून, सहा घावांत, आणि सातवा उगीच. मग शुभ म्हणून ओकची हिरवी फांदी चौकटीच्या माथ्याला बांधली आणि सायडरचं पिंप उघडलं.

भिंती, छप्पर आणि खिडकी व्हायला ऑक्टोबर उजाडला. वरचा पलंग ऑब्रीने सुटा करून खाली आणला, त्या जिन्यातून, शिव्या देत. कोणाची मदत त्याने घेतली नाही.

पहिल्या सकाळी त्याला जाग आली तेव्हा उजेड खिडकीतून तुळयांवर आला होता आणि दोन्ही सांधे समोरासमोर दिसत होते. आपण कुठे आहोत हे क्षणभर त्याच्या ध्यानात येईना. शेजारी मेरियलने सवयीने काठीकडे हात नेला, मधेच थांबली, आणि बोटाच्या पेराने पलंगाच्या लाकडावर दोनदा ठोकलं.

ऑब्रीने पांघरुणातून पाय बाहेर काढला आणि टाच जमिनीवर आपटली. उठला मात्र नाही.